चिंध्यांच्या खोक्यातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे मित्रांनो, आणि तीही उलटी. तुमच्या घरातली कात्री उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेली असते. तिची पाती ज्या बाजूने एकमेकींवर चढतात, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूने माझी चढतात. अंगठ्याचं भोकसुद्धा डाव्या अंगठ्याच्या सोयीने तिरकं केलेलं. उजव्या हाताने मला कुणी चालवायला गेलं, की मी कापड कापत नाही. बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यासारखी नुसती चघळत बसते.

मी अशी का झाले, याची गोष्ट मला घडवणारा लोहार स्वतः सांगायचा. त्या दिवशी म्हणे त्याच्या बायकोने भट्टीसमोरच्या भिंतीवर नवा आरसा टांगला होता. लोहार दिवसभर स्वतःच्या मिशा न्याहाळत, आरशात बघूनच हातोडा घालत राहिला आणि संध्याकाळी मी निघाले ती उलटी. खरं-खोटं ऐरणीला विचारा. मी तेव्हा लालबुंद तापलेली होते, मला कुठली शुद्ध!

दोन वर्षं मी त्याच्या दुकानात खिळ्याला लटकले. गिऱ्हाईक यायचं, मला उजव्या हातात घ्यायचं, चिंधी कापून बघायचं आणि "बोथट आहे हो" म्हणून परत लटकवायचं. बोथट! त्या दिवसांत माझ्या पात्यावर माशी बसली, तर उडताना दोन उडायच्या.

मग एक तरुण मुलगी आली. ती एका शिंप्याकडे काम शिकत होती. डावखुरी होती. साधी कात्री डाव्या हाताने रेटून रेटून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, आणि शिंप्याची बोलणी खाऊन खाऊन मनाला. तिने मला डाव्या हातात उचललं आणि कोपऱ्यातल्या गोणपाटाला लावलं. कर्र... कच्च! गोणपाट लोण्यासारखं दुभंगलं. ती लोहाराकडे वळून म्हणाली, "काका, माझ्यासाठीच टांगून ठेवली होतीत आणि पत्ता लागू देत नव्हता होय?"

लोहार मिशीतल्या मिशीत हसला. "ने पोरी. माझा वेंधळेपणा कुणाच्या तरी कामी आला."

तिथून चाळीस वर्षं मी तिच्या हातात होते. पुढे सगळा रस्ता तिला डावरी मावशी म्हणू लागला. शाळेचे गणवेश, खिडक्यांचे पडदे, कोट, अभ्रे... किती कापड आम्ही दोघींनी कापलं असेल? सरळ अंथरलं असतं, तर चंद्रावर जाऊन परत यायला पायघड्या झाल्या असत्या, आणि उरलेल्यात चंद्राला टोपडं. मला कागद लावायचा नाही, हा मावशीचा कायदा होता. कागदाने धार मरते. तिच्या एकुलत्या एका मुलाने लहानपणी एकदा मला घेऊन वहीचं कव्हर कापलं, तर तिने त्याला दोन तास बटणं निवडायला बसवलं. चिरंजीव रुसले. मला वाटतं, ते अजून रुसलेलेच आहेत. मावशीचा नवरा लवकर गेला. या मुलाचं शिक्षण, चष्मा, नोकरीच्या मुलाखतीचा सूट, सगळं माझ्या दोन पात्यांमधून निघालं. पण चष्मा लागल्यावरही त्याला ते दिसलं नाही.

आमची एक खास गिऱ्हाईक होती, टपाल वाटणारी बाई. पिशवीच्या ओझ्याने तिचा एक खांदा दोन बोटं खाली उतरला होता. तयार कोट तिच्या अंगावर तिरका लटकायचा. मावशी मात्र असा बेतायची, की बाई आरशासमोर उभी राहिली की ताठ दिसायची. "मावशी, तुमच्या कोटात मला कुबड येत नाही," असं ती म्हणायची. तिच्या नव्या कोटाचं विटकरी कापड आम्ही अर्धं कापलं होतं, आणि तेवढ्यात घर बदलायचं ठरलं.

चिरंजीवांनी चौथ्या मजल्यावर घर घेतलं होतं. "आई, आता बस झालं. तिकडे आराम कर," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "येते. पण बाल्कनीत माझं मशीन बसेल आणि माझं काम चालू राहील. नाहीतर तू जा, मी इथेच बरी." चिरंजीवांनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

सामान हलवायला पॅकर्सवाले येणार होते. ते येण्याआधी शेजारीण येऊन मावशीचे कान भरून गेली. "जपा हं. ज्या खोक्यावर ‘नाजूक’ लिहाल, तोच आधी गायब होतो. माझ्या बहिणीची चांदीची फुलदाणी अशीच गेली."

मावशी हुशार होती. नको तितकी. तिने मला मऊ फडक्यात गुंडाळलं, सोबत मापाची टेप आणि खडू ठेवले, वर खाली कापडाचे तुकडे कोंबले, आणि खोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘चिंध्या’. चोराला फसवल्याच्या आनंदात ती स्वतःशीच हसली. तिने हे कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ती म्हणायची.

पॅकर्सवाल्यांचा मुकादम रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस होता. त्याने प्रत्येक खोक्यावर आकडा टाकला, यादी केली. माझा आकडा अकरा. मशीनला मात्र मावशीने कुणाला बोट लावू दिलं नाही. ते मांडीवर घेऊन ती टॅक्सीने पुढे गेली. मला घेतलं असतं तिच्या हातपिशवीत, तर काय बिघडलं असतं? पण मीही तेव्हा आत बसून हसतच होते.

नव्या इमारतीखाली ट्रक थांबला. लिफ्ट एवढीशी. कपाट अडकलं, पलंग जिन्याने न्यावा लागला, चिरंजीवांचा घाम आणि संताप एकदमच निथळत होता. ते यादी घेऊन खाली उभे होते.

"अकरा नंबर," मुकादम म्हणाला. "चिंध्या."

"चिंध्या? त्या कशाला वर नेताय? ठेवा तुमच्याकडेच, गाडी पुसायला होतील."

"यादीत आहे साहेब. एकदा आईंना विचारा."

"आईला विचारलं तर ती सुतळीचा तोडासुद्धा टाकू देणार नाही. न्या तुम्ही, मी सांगतोय ना!"

आणि त्यांनी यादीवर अकराच्या पुढे खूण केली, खाली सही ठोकली: सर्व सामान मिळाले.

मित्रांनो, मला तोंड आहे. चांगलं नऊ इंचांचं आहे. पण फडक्यात आवळलेलं होतं, आणि मोकळं असतं तरी मी काय बोलणार होते? ट्रक सुरू झाला आणि मी चिंध्यांसकट निघाले.

चार दिवसांनी समोरची काच पुसायला मुकादमाने खोक्यात हात घातला आणि मी त्याच्या बोटाला चावले. "अरेच्चा," तो म्हणाला, "ही तर बाईंची कात्री दिसते." त्याने मला पुसलं आणि सीटखालच्या पेटीत ठेवलं. तिकडची फेरी लागली की देऊन येऊ, असं त्याने ठरवलं. चांगला विचार होता. पण तिकडची फेरी आठ दिवस लागली नाही, आणि फोन करायचं त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात तक्रार आली. मावशीने पहिल्याच दिवशी अकरा नंबरचा खोका मागितला होता. "त्या चिंध्या कशाला हव्यात?" म्हणून चिरंजीव हसले, आणि आत काय होतं ते कळल्यावर हसायचे थांबले. तेव्हाच ‘आई, चुकलो’ म्हणाले असते, तर संध्याकाळपर्यंत मी घरी असते. पण ते म्हणाले, "पॅकर्सवाल्यांनीच लांबवला असणार." मावशीने पिच्छा पुरवला, समोर बसून तक्रार लिहून घेतली. कंपनीच्या मॅनेजरने ती मुकादमासमोर वाचली: ‘आपल्या माणसांनी आमच्या आईची अत्यंत मौल्यवान वस्तू चोरली आहे.’ चाळीस वर्षांत चिरंजीवांनी मला मौल्यवान म्हटलं ते पहिल्यांदाच.

मुकादमाने मला मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "असेल तुझं खरं. पण यादीवर ‘मिळाले’ अशी सही आहे, आणि वस्तू तुझ्याकडे निघाली. मग साहेबांनी स्वतः खोका दिला, एवढं त्यांच्याकडून लिहून आण. नाहीतर तू उद्यापासून गाडीवर नाहीस."

वीस वर्षं लोकांची घरं उचललेला माणूस तो. एका हातात मी, दुसऱ्या हातात कोरा कागद, असा चौथ्या मजल्यावर गेला. दार चिरंजीवांनी उघडलं. मला पाहिलं आणि बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. पण फट राहिली होती. फटीतून मला बाल्कनी दिसली. मशीनवर चादर घातलेली होती, आणि चादरीवर झाडाची कुंडी.

"साहेब, ही घ्या. आणि खोका तुम्हीच दिला होता, एवढं दोन ओळींत लिहून द्या."

"कात्री द्या. लिहून वगैरे काही मिळणार नाही."

"मग मी चोरच ठरलो की साहेब."

"हळू बोला." चिरंजीवांनी दाराकडे पाहिलं. "आईला कळलं ना की मीच टाकून दिली, तर ती एक दिवस राहायची नाही इथे. आणि तशीही आता गरज उरलेली नाही. साध्या कात्रीने कापायला गेली, कुणाचा तरी कोट बिघडवला. टपालवाल्या बाईने कापड परत नेलं. तेव्हापासून आईने मशीन झाकून टाकलंय. आराम करतेय."

"लिहून दिल्याशिवाय मी कात्री सोडणार नाही," मुकादम म्हणाला. त्याचा हळू आवाज पहिल्यांदाच चढला, आणि रागाच्या भरात त्याच्या मुठीत मी एकदा उघडले, एकदा मिटले. कर्र... कच्च.

आतून आवाज आला. "कोण आहे रे?"

मित्रांनो, तो आवाज मी कापसाच्या डोंगराखालूनही ओळखला असता. मुकादमाने तोंड उघडलं होतं. एक हाक मारली असती तर संपलं असतं. पण चिरंजीव त्याच्या कानाशी म्हणाले, "ही कात्री मला नको, चोरीची तक्रार मात्र दिलेली आहे. आणि तुमच्या हातात सापडली, तर चोर कोण ते पोलीस ठरवतील." मुकादमाचं उघडलेलं तोंड मिटलं. माझंही मिटलेलंच होतं.

"कुणी नाही गं," चिरंजीव मोठ्याने म्हणाले, "पत्ता चुकलाय."

"मला आपलं वाटलं," आतून मावशी म्हणाली, "माझी कात्री वाजली."

दार लागलं.

मी आता कंपनीच्या गोदामात असते. चिरंजीवांनी घेतली नाही, म्हणून माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली आहे: ‘मालक नाही’. मुकादम गाडीवर नाही. इथेच बसून खोक्यांना चिकटपट्टी लावतो. माझ्याकडे बघायचं टाळतो. मी त्याला माफ करीन म्हणते, पण एक हाक त्याने मारली नाही, ती माझ्या कानातून जात नाही. बाकीचे मला पट्ट्या, दोऱ्या, कागद, वाटेल त्याला लावतात. सगळे उजव्या हाताचे. थोडं चघळलं की फेकतात आणि म्हणतात, बोथट आहे.

मित्रांनो, तुमचं घर कधी हललं, तर माझं एवढं ऐका. खोक्यावर आत असेल तेच लिहा. दुसऱ्याचा खोका टाकायचा झाला, तर आधी त्या माणसाला विचारा, तुमची लिफ्ट कितीही लहान असली आणि तुम्हाला कितीही घाम आला तरी. आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी ते सांगणं जड होतं, आठ दिवसांनी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसतं.

माझी धार अजून गेलेली नाही. पटत नसेल तर या कधी गोदामात, आणि मला डाव्या हातात घेऊन बघा.