वरच्या मजल्यावरचा सत्कार

सत्कार संपला, मंडळी जेवायला गेली आणि शेखलाल वरच राहिला.

आधी त्याला काळजी वाटली नाही. सकाळी दोन दांडग्या पोरांनी त्याला खुर्चीसकट उचलून वाचनालयात आणलं होतं, एक पुढून, एक मागून. तीच उतरवतील, असं तो धरून चालला होता. फोटोत मध्ये येते म्हणून त्याची खुर्ची खिडकीजवळच्या कोपऱ्यात सरकवली होती आणि पुढे 'जागतिक अपंग दिन' लिहिलेला कापडी फलक उभा होता. फलकामागून त्याला आवाज तेवढे येत होते. चपला घातल्या जात होत्या, कोणी हसत होतं, खाली जीपचा हॉर्न वाजत होता. मग दार ओढल्याचा आवाज आला. मग कुलपाचा.

"ओ जालिंदर! आरं मी हाय की हितं!"

पण जीप सुरू झाली होती. जालिंदर ग्रंथपाल. वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडं, दुपारी बंद, हा त्याचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. दुपारी कुलूप घालायला त्याला डोकं लागत नसे, हातच घालायचा. त्याला वाटलं पोरांनी उतरवलं असेल. पोरांना वाटलं जालिंदर बघेल. पोरं जेवणाची पातेली घेऊन टेम्पोतून पुढेच गेली होती. शेखलालची तीनचाकी सायकल खाली दिसली असती तर कोणाच्या लक्षात आलं असतं, पण जीप लावायला तीही कोणीतरी भिंतीमागे ढकलली होती.

दौंडच्या रेल्वे यार्डात शेखलालचे दोन्ही पाय गुडघ्याखालून गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. घरी बसल्यावर त्याला वाचायचा नाद लागला. पुस्तकं आणायची त्याची बायको, शहाबानो. तिला अक्षर येत नव्हतं. जिना चढून यायची आणि जालिंदरला म्हणायची, "जाड द्या." एवढंच. जाड पुस्तक आठवडाभर पुरतं हे तिला ठाऊक होतं. मागच्या रमजानच्या आधी ती गेली आणि पुस्तकं थांबली. मुलगी मेहक शिरूरला दिलेली. तिनं सासरी बघावं का बापाची पुस्तकं बदलावीत?

मग शेखलालनं वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब यांना गाठलं. वाचनालयाच्या खाली एक खोली होती. रस्त्याच्या पातळीवर, रुंद दाराची. तिच्यात गणपती मंडळाचं सामान पडून होतं. कमानी, कर्णे, मांडवाचे बांबू. वाचनालय तिथं आणा, एवढंच त्याचं मागणं. बापूसाहेब आधी म्हणाले, गणपती होऊ दे. मग म्हणाले, निवडणूक होऊ दे. आणि परवा स्वतः दारात येऊन म्हणाले, "शेखलालभाई, पुण्याचे साहेब यायचेत. तुम्ही वर चला, त्येंच्याम्होरं आपण खोलीचा विषय काढू."

म्हणून तो आला. शाल मिळाली, नारळ मिळाला, डोक्याला फेटा बांधला. बापूसाहेबांचं भाषण झालं, आमचं दार सगळ्यांना उघडं आहे म्हणाले. शेखलालनं दोनदा हात वर केला. लोकांना वाटलं नमस्कार करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता तो फलक बाजूला ढकलून खुर्चीवरून खाली उतरला आणि हातावर सरकत दारापाशी गेला. दार हलवून पाहिलं. मग मागे वळला. आलोच आहोत तर पुस्तकं तरी बघू, असं त्यानं ठरवलं.

पुस्तकंही कुलपातच होती. खोलीच्या मधोमध फळ्यांची भिंत होती. तिच्यापलीकडे कपाटं, अलीकडे वर्तमानपत्रांचं टेबल आणि बाकडी. भिंतीतल्या दाराला वेगळं कुलूप. मध्ये हातभर खिडकी, तिच्यातून पुस्तक मागायचं, तिच्यातूनच घ्यायचं. खिडकी उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. शेखलालनं खुर्ची ओढत आणली, कशीबशी चढला आणि डोकं आत घातलं. कपाटांना काचा होत्या. ऊन काचांवर पडलेलं, त्यामुळे नावंसुद्धा वाचता येईनात.

शहाबानो इथंच उभी राहायची. खिडकीपाशी बसायला काही नाही. तिचे गुडघे दुखायचे, घरी आल्यावर ती तेल लावत बसायची, आणि तो पुस्तक उघडून बसायचा. तिनं कधी सांगितलं नव्हतं की पुस्तकं दिसत नाहीत. तिला तरी कुठं वाचायची होती.

त्यानं डोकं बाहेर काढलं आणि तो खुर्चीवरून उतरला.

मग दुसरीच अडचण उभी राहिली. घराबाहेर पडायचं असलं की शेखलाल सकाळपासून पाणी पीत नसे. बाहेर कुठं जायची सोय नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण आज बापूसाहेबांनी आग्रह करकरून चहा पाजला होता. साहेबांसमोर नाही कसं म्हणायचं?

तो रस्त्याकडच्या खिडकीशी गेला, गज धरून अंग वर ओढलं आणि ओरडला. खाली पेरू विकणारी नकुशी पाटी घेऊन बसली होती.

"ए नकुशे! वर बघ!"

तिनं वर पाहिलं. "अगं बया! चाचा? तुम्ही जेवायला गेला न्हाई व्हय?"

"मला कोंडून गेलेत."

"कोन?"

"ज्येंनी सत्कार केला त्ये."

नकुशी हसली आणि हसल्याबरोबर तोंडावर पदर धरला. "फेटा लई झ्याक दिसतोय पर. पेरू टाकू का वर?"

"पेरू नको. जालिंदरला बोलाव. लवकर."

"त्यो तर मळ्यावर. बापूसायबाच्या पंगतीला."

"मग कुनाला तरी धाड. लवकर धाड, नकुशे."

"आता एवढी काय घाई? आत पंखा हाय, पेपर हाय, वाचत बसा की..." बोलता बोलता ती थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं. पेरूवर ओला फडका टाकून ती उठली. "रिक्षावाल्याला धाडते. तुम्ही दम धरा. आन् न्हाईच धरवला तर काय बी भांडं बघा. कोन बघतंय?"

टेबलावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी होती, साहेबांसाठी आणलेली. शेखलालनं फार वेळ दम धरला. मग फुलं काढून बाकावर नीट ठेवली आणि फुलदाणी घेऊन फलकामागे गेला. नंतर वर्तमानपत्राचं पान दुमडून तिच्यावर झाकलं. म्हाताऱ्या माणसाला या वयात लोकांच्या वाचनालयात हे करावं लागलं. त्यानं फेटा काढला आणि भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसला. शहाबानो असती तर खालूनच तिनं सगळी गल्ली गोळा केली असती. पण ती असती तर तो वर आलाच नसता.

ऊन कलायला लागलं तेव्हा जीप आली. जालिंदर धापा टाकत वर आला आणि कुलूप काढलं. मागून बापूसाहेब, त्यांच्यामागून पुण्याचे साहेब. साहेबांच्या हातात जाण्याच्या तयारीची बॅग होती.

"शेखलालभाई, काय म्हणावं आता," बापूसाहेब म्हणाले. "चूक झाली. पोरांना वाटलं..."

"आमाला वाटलं पोरांनी..." जालिंदर म्हणाला. बोलता बोलता त्यानं सवयीनं फलकामागचं वर्तमानपत्र उचललं. "ह्ये काय हाय?"

"तुमचा सकाळचा च्या," शेखलाल म्हणाला.

जालिंदरनं पान परत झाकलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पोरं मागून येत्यात," बापूसाहेब घाईनं म्हणाले. "अलगद उतरवून ठेवतील. आन् पुढच्या वेळेपासून तुम्ही फकस्त निरोप धाडायचा. दर रविवारी पोरं तुम्हाला वर आणतील."

"आन् ऱ्हायलो तर?"

शेखलाल हातावर सरकत त्यांच्या मधून निघाला. जालिंदर वाकला तसा तो म्हणाला, "हात लावू नको." तो उंबरा ओलांडून बाहेर आला आणि उघड्यावरच्या लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. मग दोन्ही बाजूंचे गज धरले, अंग उचललं आणि खालच्या पायरीवर ठेवलं. लोखंड दुपारभर तापलेलं होतं. त्यानं पुन्हा अंग उचललं. खाली नकुशी उभी राहून बघत होती आणि तिच्यासोबत आता आणखी माणसं जमली होती.

जिना एका माणसापुरताच. बापूसाहेब, साहेब आणि जालिंदर, तिघंही त्याच्यामागे ओळीत अडकले. शेखलाल निम्म्यावर आला आणि थांबला. हात भाजत होते, खांदे भरून आले होते. आता हे मागून उचलतील, अशी त्याला भीती वाटली. त्यानं गज घट्ट धरला.

"दमलात का?" बापूसाहेबांनी विचारलं.

"व्हय. बसतो जरा."

"साहेबांची पुण्याची रेल्वेगाडी आहे हो..."

"साहेब," शेखलाल मागे न बघता म्हणाला, "सकाळी माझं बोलायचं ऱ्हायलं. ह्येच्या खाली एक खोली हाय. तिला पायरी बी न्हाई. तिथं पुस्तकं आणा म्हणून मी कवापासून मागतोय."

साहेबांनी बापूसाहेबांना विचारलं, "खोली आहे?"

"हाय, पर मंडळाचं सामान हाय तिच्यात. त्ये कुठं ठेवायचं?"

"वर," शेखलाल म्हणाला. "कर्ण्याला काय, पोरं उचलून नेत्यात. वर्षातनं एकदाच उतरायचं त्येला. आन् त्येला कोंडलं तर त्यो काय म्हणनार बी न्हाई."

खाली कोणीतरी खुसकन हसलं. बापूसाहेबांचा चेहरा शेखलालला दिसत नव्हता. त्यांच्या चपलांची चुळबुळ मात्र पाठीशी ऐकू येत होती.

"बघू आपण," ते म्हणाले. "आधी खाली तर चला."

"बघू म्हटलात तर मी हितंच बसतो. मला काय, मी दुपारपासनं बसलोच हाय."

"अहो, चावी मंडळाच्या पोराकडं हाय! आता या मिनिटाला कुठनं आणू?"

"नकुशे," शेखलालनं हाक मारली, "मंडळाच्या पोराला गाठ. खोलीची चावी घेऊन ये म्हणावं."

नकुशी जागची हलली नाही. ती त्याच्याकडे नाही, बापूसाहेबांकडे बघत होती. सगळेच त्यांच्याकडे बघत होते. बापूसाहेबांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा खालच्या माणसांकडे.

"जा गं," ते शेवटी म्हणाले. "आण जा."

नकुशी स्टेशनाच्या बाजूला पळाली. पोरगा घरी असेल का, चावी देईल का, दिली तरी उद्या बापूसाहेबांना दुसरं काही सुचेल का, हे शेखलालला माहीत नव्हतं. त्यानं गज सोडला नाही. जरा वेळानं मागून कापडाचा आवाज आला. साहेब रुमाल पायरीवर अंथरत होते.

"बसा, बापूसाहेब," साहेब म्हणाले. "ती गाडी काही आता मिळत नाही."