बुरशीची प्रभावळ

'बोला, प्रकाशबाबा की जय!'

दिग्रसच्या बंद पडलेल्या कापूस-जिनिंग कारखान्याच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. कापसानं सलग मार दिलेली ती वर्षं. आशेला कुठलंही दार चालत होतं. स्टुलावर बसलेल्या आजारी सुखीबाईचा फोटो टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर झळकला, आणि तिच्या डोक्याभोवती पांढरीशुभ्र प्रभावळ!

'नवा कोरा डिजिटल कॅमेरा हाय, माउली!' बाबा गरजला. 'तेज आलं, रोग गेला. गोळ्या फेका नाल्यात!'

गर्दीतल्या रत्नप्रभानं दात आवळले. हेच ऐकून तिच्या धाकट्या बहिणीनं, सुरभीनं, छातीतल्या गाठीचं ऑपरेशन टाळलं होतं आणि जीव गमावला होता. रत्नप्रभाचा गावात फोटो स्टुडिओ होता. आज ती सुरभीची तसबीर आणि स्टुडिओतली जुनी लेन्स पिशवीत घेऊन आली होती, दर्शनाला नाही, सूड घ्यायला.

फोटो काढणाऱ्या बाबाच्या चेल्याचे हात ती निरखू लागली. कॅमेरा आपोआप फोकस करणारा. मग हा लेन्स हातानं काहून फिरवून राह्यला? लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये, दुसऱ्या बनावटीची लेन्स बसवायला लागते ती जोडकडीही दिसली. तिला सगळं उमगलं.

अंथरुणाला खिळलेल्यांचं तेज बाबा तसबिरीवरूनही पाहायचा. रत्नप्रभानं सुरभीची तसबीर स्टुलावर ठेवली. पडद्यावर प्रभावळ उमटली.

'वा! आठ दिवसांत उठून कामाला लागते ही!'

'कशी उठंल? दोन महिने झाले, मीच तिले मोक्षधामात पोचवलं.'

रत्नप्रभानं स्टुलामागचा कापडी पडदा ओढला. आत दिवा जळत होता. चेल्याच्या हातून कॅमेरा हिसकून तिनं लेन्स काढली आणि उन्हात धरली.

'पाहा, काचेत बुरशीचं जाळं! ही जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याले जोडली. मागून दिवा लावला की बुरशीत उजेड पसरते. हेच याचं तेज!'

पिशवीतली आपली लेन्स तिनं त्याच कडीत बसवली. तीही तेवढीच जुनी, पण काच स्वच्छ. मागचा दिवा तसाच ठेवून बाबाला स्टुलावर दाबून बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर नुसता घामेजलेला चेहरा.

बाबा पाय धरायला वाकला. 'ताई, माफ करा...'

'माफी नाही! एकेकापुढं हात जोड अन् सांग, मी खोटा हाय.'

'मी... मी खोटा हाय,' सुखीबाईसमोर तो पुटपुटला.

'मोठ्यानं!'

रांग संपेपर्यंत ती त्याच्या मागे चालली. सुरभी परत येणार नव्हती. तरी त्याचा कापरा आवाज ती कान भरून ऐकत होती. मग गर्दीतल्या कोणी बोलावलेल्या पोलिसांच्या हाती त्याला देऊन ती लोकांकडे वळली.

'कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडू नका, मागं जाऊन पाहा. विचारा, कसं केलं? अन् अंगात गाठ हाताले लागली तर पहिले दवाखान्यात जा. माही बहीण गेली नाही, तुम्ही जा.'