ओघळ

धरमपुरीजवळ हायवेच्या आधारभिंतीला पावसाळ्यात पोट आलं, तेव्हा मोठ्या साहेबांनी हुकूम सोडला, "पाडा, अन् याहून जाड बांधा."

इंजिनिअर अल्पना पवार उसळली. "सर, भिंत बारीक नाहीये. मागे पाणी तुंबलंय. पाणी निघायची भोकं मंत्र्यांच्या दौऱ्याआधी तुम्हीच लिंपवलीत, चुन्यावर ओघळ वाईट दिसतात म्हणून!"

"मॅडम, कुणाशी बोलताय आपण?"

"ज्यांनी भिंत फुगवली, त्यांच्याशी. मिस्त्री भिया, ते ड्रिल द्या इकडे."

मिस्त्रीच्या हातून ड्रिल घेऊन तिनं ते बुजवलेल्या भोकात घुसवलं. गढूळ पाण्याची धार सुसाट सुटली, थेट साहेबांच्या बुटांवर.

"बंद करा ते!" साहेब ओरडले.

"तेच तर केलं होतं ना, सर," अल्पना म्हणाली अन् दुसरं भोक उघडायला वाकली.