आत उघडणारं दार

तीन इमारतींचे नकाशे त्याने काढले होते, पण स्वतः तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, भोवती बाग असलेल्या बंगल्यात राहत असे. झोपड्या हटवून तिथल्याच लोकांसाठी बांधलेल्या त्या इमारती. एकेका कुटुंबाला एक खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा आणि त्याला लागून न्हाणीघर. एवढ्याशा जागेत एवढं सगळं बसवलं म्हणून या वास्तुरचनाकाराला बक्षीस मिळालं होतं, आणि ते थोडं डोक्यातही गेलं होतं.

पुढच्या चार इमारतींचा नकाशा मंजूर व्हायच्या आधी रहिवाशांची सभा झाली. लोकांनी गाऱ्हाणी मांडली, याने एकेकाला उत्तर देऊन गप्प केलं. शेवटी घरी कपडे शिवणारी एक बाई उठली. न्हाणीघराचं दार आत उघडतं, ते बाहेर उघडायला हवं, एवढंच तिचं म्हणणं. बाहेर उघडलं तर दार खोलीतली जागा खातं, हे त्याने तिला दोनदा समजावलं.

"साहेब, कागदावर तुमचं बरोबरच असेल," ती म्हणाली. "पण त्या घरात महिनाभर राहा, मग बोलू."

लोक हसले, तोही हसला. त्याची बायको कॉलेजात शिकवायची, त्या दिवशी सहज सोबत आली होती. ती मात्र हसली नाही.

घरी आल्यावर तिने विषय काढला आणि सोडलाच नाही. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे आपण उठसूट दुसऱ्यांना ऐकवतो, मग एकदा आपणच जाऊ या की! बारा वर्षांच्या लेकीला ती सहलच वाटली. निदान आप्पा तरी नाही म्हणतील, अशी त्याला आशा होती. आप्पा म्हणजे त्याचे वडील, निवृत्त न्यायाधीश. आप्पा म्हणाले, "जन्मभर खुर्चीत बसून निकाल दिले. एकदा जागेवर जाऊन बघू."

झालं. पहिल्या मजल्यावरचं एक घर रिकामंच होतं, ते मिळालं. गाडी आणायची नाही, कामाला बाई नाही, जेवण बाहेरून मागवायचं नाही, असं ठरवून चौघं तिथे राहायला गेली.

चार गाद्या अंथरल्या की खोली संपायची. मधल्याला उठायचं तर कडेच्याला उठवावं लागे. खिडकी त्याने मोठ्या हौसेने ओट्यावर काढली होती, भरपूर उजेड यावा म्हणून. उजेड येई, पण वाराही येई आणि गॅस विझे. न्हाणीघरात कपडे टांगायला खुंटी नव्हती, कारण ती नकाशात काढायचीच राहून गेली होती. बायको आंघोळीला जाताना कोरडे कपडे त्याच्या हातात ठेवायची आणि ती बाहेर येईपर्यंत तो खुंटीसारखा दाराशी उभा राहायचा.

शेजारी जाणं-येणं सुरू झालं, तसं त्याला दिसलं, की बऱ्याच घरांतली न्हाणीघराची दारं लोकांनी काढून उलटी, बाहेर उघडतील अशी बसवली आहेत. आपल्या चित्रावर कुणी मिशा काढाव्यात तसं त्याला वाटलं. बांधकामात बदल केल्यास कारवाई होईल, असा कागद जिन्यात लागलेला होता. सही त्याचीच होती.

बाराव्या दिवशी सकाळी आप्पा आंघोळीला गेले आणि आतून धप्पकन आवाज आला. आप्पा घसरून पडले होते ते नेमके दाराला टेकून. कडी लावायची त्यांना सवय नव्हती, तरी दार उघडेना. तो जोर लावून ढकलू लागला की आतून आप्पा कण्हायचे. बिजागऱ्याही आतल्या बाजूला. त्याने स्वतःच तशा काढलेल्या. लेक रडत वर पळाली आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला घेऊन आली. मागोमाग तिचा नवरा आला. तो सुतार होता. येतानाच करवत घेऊन आला.

"ढकलू नका, साहेब," सुतार म्हणाला. "बाजूला व्हा."

त्याने दाराची वरची फळी कापून काढली. फटीतून सुताराची बायकोच आत उतरली, कारण सगळ्यांत बारीक तीच होती. तिने आप्पांना धरून बसवलं, हळूहळू बाजूला सरकवलं, मग दार उघडलं. पाय मुरगळला होता आणि कोपर सोललं होतं, त्यापलीकडे काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सुतार करवत पुसत होता. तुम्हाला इतक्या पटकन कसं सुचलं, असं वास्तुरचनाकाराने विचारलं.

"माझी आई अशीच पडली होती," सुतार म्हणाला. "तासभर अडकली. तेव्हा मला सुचलं नव्हतं. नंतर अठरा घरांची दारं मी फिरवून दिली. हे घर रिकामं होतं, म्हणून राहिलं."

वास्तुरचनाकार उठला, जिन्यातला कागद फाडून आला आणि सुताराला म्हणाला, "आमचंही फिरवून द्या. मी स्क्रू धरतो."

आता बंगल्यावर जाऊ, असं बायको आप्पांना म्हणाली. आप्पांनी साफ नकार दिला. साक्षीपुरावे अजून संपले नव्हते म्हणे. उरलेले दिवस वास्तुरचनाकार वही घेऊन घरोघर हिंडला. कुणी बोलू लागलं, की समजावायला त्याचं तोंड उघडे, आणि तो ते मिटून घेई. खोली मोठी करणं माझ्या हातात नाही, हेही त्याने सरळ सांगितलं. लोक नाराज झाले, पण खरं बोलला म्हणून बोलत राहिले.

शेवटच्या रविवारी शिवणकाम करणारी बाई त्याला म्हणाली, "महिनाभर राहिलात म्हणून आमच्यासारखे झालात असं नाही, साहेब. तुम्ही उद्या जाल. पण आता सांगितलेलं तुम्हाला ऐकू येतं."

त्याच संध्याकाळी त्याने इमारतींमधल्या मोकळ्या फरशीवर खडूने नवं घर काढलं, अगदी खऱ्या मापाचं. आप्पा काठी टेकत खडूच्या दारातून आत गेले आणि वळून बाहेर आले. कुणी चटई आणून आडवं झालं, कुणी नसलेल्या ओट्यावर नसलेली पोळी लाटून दाखवली. सुतार त्याच्याशी खुंटीच्या उंचीवरून वाद घालत होता. बाई शिवणयंत्राच्या जागी मांडी घालून बसली आणि मान वळवून मागच्या, खडूच्या खिडकीकडे बघत राहिली.

"उजेड पाठीमागून येतोय," ती म्हणाली. "माझीच सावली कापडावर पडेल."

त्याने गुडघे टेकले, तळहाताने खिडकी पुसली, आणि खडू तिच्या हातात दिला.