मुकादमाच्या बरगडीवरची टिंबं

डॉक्टरबाईंनी मुकादमाच्या बरगडीवरचे केस मशीननं भादरले, पेननं सहा टिंबं काढली आणि प्रत्येक टिंबाशी बारीक सुई टोचली. मुकादम ओरडला नाही. त्यानं नुसती मान वळवून थोरल्या जाऊबाईंकडे पाहिलं, जणू तक्रार कुठे करायची हे कुत्र्यालाही ठाऊक होतं.

थोरल्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी खरूज म्हटलं की कुत्रा आजच्या आज घराबाहेर, असं त्यांनी धाकटीला निघतानाच बजावलं होतं. कुत्रा धाकटीचा. तिनं त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“पंधरा मिनिटं थांबू. जे टिंब फुगेल ते याला सोसत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“थांबायचं कशाला? खरूजच आहे ती. याच्यामुळे आमच्या ह्यांनाही लागली. रात्रभर कराकरा खाजवतात, भिंतीपलीकडून मला ऐकू येतं!”

चौथं टिंब डास चावल्यासारखं टरारून वर आलं.

“बुरशी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बुरशीची ॲलर्जी आहे. खरजेसारखीच दिसते, पण एकाची दुसऱ्याला लागत नाही. हा झोपतो कुठे?”

“कोठीच्या खोलीत. दिवसभर तिथेच लोळायचा, खाजवायला लागल्यावर मी रात्रीही तिथेच कोंडला. घरात रोगराई नको.”

“तिथे ओल आहे?”

“पोपडे धरलेत भिंतीला. म्हणून तर तिथे कोणी झोपत नाही.”

धाकटीनं घसा खाकरला.

“भाऊजी झोपतात, जाऊबाई.”

“ते घोरतात म्हणून!”

धाकटीनं बोटांची पेरं मोजायला घेतली. “भाऊजींची खाट कोठीत गेली त्याला दोन वर्षं झाली. खाजवायला लागले त्याला पावणेदोन. आणि मुकादम आपल्याकडे आला त्याच्या कितीतरी नंतर…”

“कळलं,” थोरल्या म्हणाल्या. “मोजणी पुरे.”

मुकादम मागच्या पायानं कान खाजवू लागला. ते कराकरा ऐकताना थोरल्यांनी एकदा पदर सारखा केला, मग पुन्हा केला.

डॉक्टरबाईंनी औषध लिहून दिलं आणि ओलीतून कुत्र्याला आजच हलवायला सांगितलं. थोरल्यांनी धाकटीच्या हातातून पट्टा काढून घेतला.

“आजपासून हा माझ्या खोलीत.”

“आणि भाऊजी?”

थोरल्या दारात थांबल्या. त्यांनी खाली मुकादमाकडे नीट निरखून पाहिलं.

“त्यांचं बघू,” त्या म्हणाल्या. “हा घोरत नाही.”