तिसरी कॉफी

बोलायला आलेल्या माणसाला तोंड उघडू न देता आपलंच दुखणं उगाळत बसायचं, ही खोड कोणाच्या घरात नाही? झेनित्सा शहरातल्या विल्दानाच्या घरात तर ती चांगलीच मुरली होती. बाई मनाने वाईट नव्हती, पण तोंडाची टकळी काही थांबत नसे.

त्या मंगळवारी वरच्या मजल्यावरची रसेमामावशी आली. पहिली कॉफी स्वागताची, ती झाली. दुसरी गप्पांची. ती हातात घेऊन मावशी म्हणाली, "विल्दाना, काल फोन आला होता गं. आमच्या सेआदबद्दल..."

"फोनचं नावच काढू नका, मावशी! आमच्या सासूबाई दिवसातून चारदा करतात!"

झालं, सासूपुराण सुरू! मावशीने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग विल्दानाला बाजार आठवला आणि तिने तिसरी कॉफी पुढे ठेवली. ती आली की पाहुण्याने समजायचं, आता उठा. मावशी ती न पिताच उठली.

शुक्रवारी जिन्यात शेजारचे इझेत मास्तर भेटले. "काल गेली होतीस ना रसेमाबरोबर?"

"कुठे?"

"अगं, युद्धात बेपत्ता झालेला तिचा लेक सेआद तीस वर्षांनी मातीत सापडला. तोही अर्धाच, म्हणजे निम्मीच हाडं. आहे तेवढ्याचं दफन करायचं की उरलेला सापडेपर्यंत थांबायचं, याची सही करायची होती तिला. तुला सोबत नेणार होती."

"पण त्या मला बोलल्याच नाहीत!"

"तू बोलू दिलंस?" मास्तर संतापले. "मेलेली माणसं आपण माती उपसून शोधतो, आणि जिवंत माणूस समोर बसला तर दोन शब्द ऐकवत नाहीत आपल्याला!"

विल्दानाला ती न प्यालेली तिसरी कॉफी आठवली. अरेरे, काय करून बसलो आपण! ती धावत वर गेली. "मावशी, चुकलं हो माझं, त्या सासूबाईंनी डोकं इतकं..." आणि तिने जीभ चावली.

मावशी म्हणाली, "एकटीनेच केली सही. सापडलेली सगळी हाडं मांडून दाखवली तिथल्या लोकांनी. उजवा हात नव्हता गं. त्याच हाताला धरून शाळेत न्यायचे मी त्याला."

विल्दाना अंधार पडेपर्यंत ऐकत राहिली. पण ती सही करताना मावशीला जो आधार हवा होता, तो तेव्हा आपल्या घरात भांडी घासत होता. हे आता कशानेही भरून निघणार नाही.

मंडळी, समोरच्याचं पुरतं ऐकून घ्या. माणूस उठून गेल्यावर जिना धावत चढता येतो, गेलेली वेळ गाठता येत नाही!