वळचणीला टांगलेली मच्छरदाणी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी मच्छरदाणी आहे, जुनी आहे आणि आता फाटलेलीही आहे. पण एके काळी या घरातला पलंग माझ्याशिवाय झोपत नसे.

माझा जन्म याच घरात, पुढच्या खोलीतल्या शिलाई मशीनवर झाला. माझे मालक शिंपी. सारी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. त्यांचे नवे लग्न झाले होते आणि पहिल्याच रात्री डासांनी नवरीला फोडून काढले. सकाळी ती हात खाजवत म्हणाली, "जगाचे शर्ट शिवता आणि बायकोला डासांच्या पुढ्यात वाढता होय?" मास्तरांनी त्या दिवशी दुकान उघडलेच नाही. पांढऱ्या बारीक जाळीचा तागा आणला, खाली लाल कापडाची रुंद कड लावली आणि दिवे लागायच्या आत मला पलंगावर चढवले. मालकिणीने आत शिरून वर पाहिले आणि म्हणाली, "आता कसं, घरात घर झालं."

मित्रांनो, हे कौतुक मी फार जपून ठेवले आहे.

त्या घरात एक रीत होती. गादीखाली माझी कड खोचायचे काम मालकिणीचे. आधी ती आपली बाजू खोचायची, मग मास्तरांच्या अंगावरून वाकून त्यांचीही. "कड मोकळी राहिली की डास पाहुणा होतो," असे ती म्हणायची. मास्तरही शिंपीच. सुटी कड दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. असे दोघे मिळून माझी कड कधी मोकळी राहू देत नसत. मुलगी झाली, ती माझ्या आत रांगली, माझ्या जाळीला धरून उभी राहिली, मोठी झाली आणि लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली.

आता खरे सांगते. मी स्वभावाने मत्सरी आहे. घरात पंखा आला तेव्हा मी आठवडाभर धुमसले. डासांच्या धुराची वडी आली तेव्हा ती विझावी म्हणून मी देव पाण्यात घातले. पण पंखा काय, वडी काय, त्यांच्यामुळे मला कोणी खाली उतरवले नव्हते. उतरवले ते मालकीण गेली तेव्हा. 

तिच्या आजारपणानंतर मास्तरांनी माझे चार कोपरे सोडले, घडी घातली आणि मला कपाटाच्या डोक्यावर ठेवले. मला वाटले, धुवायला काढले असेल. पण मी तिथेच राहिले. मास्तर उघड्यावर झोपत. रात्रभर अंगावर चापट्या मारत, पण मला खाली काढत नसत. एकट्याला मला बांधता येत नाही असे नव्हते. खोचणारे माणूस उरले नव्हते, एवढेच.

कपाटाच्या वर लगेच लाकडी छत होते. त्या छताच्या आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत त्या वर्षी वटवाघळे राहायला आली. लहान जातीची, मुठीत मावतील एवढी. वळचणीच्या एका फटीतून ये-जा करायची. दिवसभर माझ्या डोक्यावर खसखस आणि चिकचिक. मला वाटले, मास्तर आता काठी घेऊन येतील. आले, पण स्टूल घेऊन. मागच्या अंगणात स्टूल टाकून ते रोज संध्याकाळी फटीकडे बघत बसू लागले. पहिले वटवाघूळ बाहेर पडले की म्हणायचे, "निघालात का कामाला? निघा. सांभाळून या."

माझ्या जाळीच्या भोकाभोकातून आग निघाली! ज्या माणसाने महिनोन्महिने कोणाशी धड शब्द काढला नव्हता, तो या उलट्या टांगलेल्या भाडेकरूंशी बोलत होता. त्यात भर म्हणजे शेजारचा रंगारी एकदा भिंतीवरून म्हणाला, "मास्तर, बरं आहे तुमचं. ही मंडळी डास खातात म्हणे. मच्छरदाणीचा खर्च वाचला."

म्हणजे वर्षानुवर्षे डास मी अडवायचे आणि नाव यांचे व्हायचे!

अशातच मुलीला बाळ झाले. बाळंतपण सासरी झाले होते, पण आता तिला काही महिने वडिलांकडे राहायला यायचे होते. मास्तरांनी भिंतींना रंग दिला, पलंग धुतला. मग एका फोनवर त्यांच्या तोंडून वटवाघळांची गोष्ट निघून गेली. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाबा, छतात वटवाघळं? आणि खाली माझं बाळ झोपवू?"

"अगं, ती खाली येत नाहीत."

"आलं एखादं तर? डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. ती गेल्याशिवाय मी येणार नाही."

मी मनात म्हटले, शाब्बास पोरी!

रंगाऱ्याकडे उपाय तयार होता. "दुपारी सगळी आत असतात. फट लिंपून टाकतो, काम तमाम. नाहीतर मिरच्यांची धुरी देऊ."

"आत मरतील ना ती," मास्तर म्हणाले.

"मग काय त्यांना आहेर करून पाठवणार?"

मास्तर त्यावर हसले नाहीत. जखमी पक्षी, मांजरे, साप असे काहीही सापडले की लोक ज्यांना बोलावतात त्या पाखरंवाल्या ताईंकडे ते गेले. ताई आल्या, बॅटरीच्या उजेडात फट पाहिली, खालच्या लेंड्या पाहिल्या, बराच वेळ कान देऊन ऐकले.

"दादा, आत पिल्लं आहेत. अजून उडता येत नाही त्यांना. आता आयांना बाहेर ठेवलं तर पिल्लं आत उपाशी मरतील. थांबावं लागेल. आणि कुणीही उघड्या हातानं शिवायचं नाही. चुकून चावलं, ओरखडलं, तर जखम साबणानं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा."

मास्तरांनी मुलीला फोन करून थांबायला सांगितले. ती म्हणाली, "त्यांची पिल्लं प्यारी आहेत तुम्हाला. माझ्या पिल्लाचं काय? आई असती तर तिनं असं केलं नसतं." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मला कळले, की या घरात जळणारी मी एकटी नाही. मास्तर कपाटाला टेकून उभे राहिले. मी त्यांच्या डोक्याच्या अगदी जवळ होते, पण मला हात नाहीत.

दिवस गेले. पिल्ले मोठी झाली आणि आयांबरोबर बाहेर पडू लागली. ताईंनी एका बाजूला आणि मास्तरांनी दुसऱ्या बाजूला बसून वटवाघळे कुठून कुठून निघतात ते नीट पाहिले. मुख्य फट सोडून बाकीच्या सगळ्या भेगा रंगाऱ्याने कुरकुरत बुजवल्या. मागच्या झाडावर ताईंनी एक चपटी लाकडी पेटी टांगली, त्यांना नवे बिऱ्हाड म्हणून. मग त्या म्हणाल्या, "आता जाळी हवी. बारीक भोकांची, नाहीतर पंख अडकतात. फटीवर ती पडद्यासारखी सोडायची. वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्की, खालून मोकळी. निघताना ती भिंतीला धरून सरपटत खाली येतात आणि सुटतात. परत येताना थेट फटीकडे झेपावतात, तेव्हा जाळी आड येते."

मास्तरांनी कपाटावर पाहिले.

मित्रांनो, किती दिवसांनी त्यांचे हात मला लागले! आणि कामही काय, तर माझ्या वैरिणींना घराबाहेर काढायचे. मी ताठ मानेने वळचणीला चढले. मास्तरांनी वरची बाजू ठोकली, दोन्ही अंगे ठोकली. खालची लाल कड वाऱ्यावर हलत होती. त्यांनी ती एकदा पाहिली, दोनदा पाहिली. मग जन्मभराच्या सवयीने त्यांचा हात पुढे झाला, आणि त्यांनी ती कड भिंतीवरच्या पट्टीमागे नीट खोचून वर चार टाके घातले. आपण काय केले हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. खाली उतरून ते म्हणाले, "झकास."

अंधारून आले. संध्याकाळी बघायला येणाऱ्या ताई अजून वाटेत होत्या. पहिले वटवाघूळ फटीतून निघाले, सरपटत खाली आले आणि कडेशी थांबले. मागून दुसरे, तिसरे. बघता बघता माझ्या पोटात ती एकावर एक जमली. त्यांची चिरचिर वाढली. पंखांना वाट नव्हती.

"अहो मास्तर," रंगारी भिंतीवरून ओरडला, "पडदा लावलाय की पोतं शिवलंय?"

खरे सांगू? एक क्षण मला फार बरे वाटले. सापडलात ना! पण ती माझ्या जाळीला चिकटली होती आणि त्यांची छाती इतकी जोरात धडधडत होती की माझा धागा न् धागा थरथरत होता.

मास्तर जाड हातमोजे चढवून, कात्री घेऊन शिडीवर आले. "थांबा गं बायांनो, थांबा. माझीच चूक. सोडतो, आत्ता सोडतो." तो आवाज मी ओळखला. मालकिणीला चमच्याने पाणी पाजताना ते याच आवाजात बोलायचे. टाके तुटले, पण माझा एक पदर खिळ्यात अडकला होता. तो सोडवत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी मला टराटरा फाडले.

ज्या हातांनी मला शिवले, त्यांनीच मला फाडले. आणि तेही त्या भाडेकरूंसाठी! वटवाघळे भरभरून निघून गेली. एकही खाली पडले नाही. मी लोंबत राहिले आणि जळत राहिले.

तेवढ्यात ताई पोचल्या. मास्तर शिडीवरून उतरून भिंतीला टेकले होते. "ताई, मोकळं सोडायला सांगितलं होतंत. जमलंच नाही मला," एवढेच ते बोलले. ताईंनी बाजूचे फाटलेले तेवढे खिळ्यांनी बंद केले आणि खालची कड सुटी राहू दिली. पहाटे वटवाघळे परतली, माझ्यावर येऊन आपटली, घिरट्या घालून निघून गेली. काही दिवसांनी आतली खसखस थांबली. मग फट बुजवली गेली. मास्तरांनी नाकाला फडके बांधून, लेंड्या ओल्या करून, छत साफ केले. 

मुलगी आली. दारातच बाळाला वडिलांच्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी फार बोलले." 

"बोललीस ते बरं झालं. तुझी आई हेच बोलली असती आणि वर थांबलीही असती," मास्तर म्हणाले, आणि दोघेही रडली.

तिने बाळासाठी नवी मच्छरदाणी आणली होती. छत्रीसारखी उघडणारी, गुलाबी, वर ससे. पुन्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दुसऱ्याच दिवशी त्या छत्रीच्याच एका काडीने तिची जाळी फाडली. "जाऊ दे, दुसरी आणू," मुलगी म्हणाली. मास्तर मशीनवर बसले. त्यांनी मला मांडीवर घेतले, माझा चांगला भाग शोधला, हातभर तुकडा कापला आणि त्या गुलाबी जाळीला जोडला. बाळ आता त्याच तुकड्याला लाथा मारते.

मित्रांनो, घरातली वस्तू जुनी झाली, फाटली, म्हणून लगेच फेकू नका. तिच्यात अजून कुणाचे तरी पांघरूण उरलेले असते. आणि तुमच्या छतात कोणी बिऱ्हाड थाटले तर धूर करू नका, फट लिंपू नका. आत पिल्ले आहेत का ते आधी बघा, जाणत्या माणसाला बोलवा, थोडे थांबा, आणि जाणाऱ्याला जायला वाट ठेवा.

माझा मत्सर गेला असे मात्र मी म्हणणार नाही. संध्याकाळी मास्तर बाळाला खांद्यावर घेऊन झाडावरच्या पेटीतून निघणारी वटवाघळे दाखवायला अंगणात जातात, आणि ते परत घरात येईपर्यंत मला चैन पडत नाही.